चालू आहे ते चालू ठेवणारे बातमीत का नसतात?

कंदील

गेल्या रविवारी ब्राउझरमधले जुने बुकमार्क साफ करायला बसले. तंत्रज्ञानाच्या बातम्या रोज वाचायची सवय मला दहा-बारा वर्षांची, त्यामुळे ‘नंतर नीट वाचू’ म्हणून साठवलेल्या दुव्यांचा मोठा ढीग झाला होता. एकेक उघडत गेले. अमक्या स्टार्टअपने इतके कोटी डॉलर उभारले, तमकं ॲप ईमेलचा चेहराच बदलणार, वगैरे. बातम्या जागच्या जागी होत्या. पण ज्यांच्याबद्दल त्या होत्या त्यांच्या साइटवर गेलं, तर बहुतेक ठिकाणी डोमेन विक्रीला किंवा ‘आमचा प्रवास इथेच थांबतो आहे’ असं निरोपाचं पान. त्यांच्या बंद पडण्याच्या बातम्या शोधल्या. दोघांच्याच सापडल्या, त्याही चार ओळींच्या.

मग उलट बाजूने पाहिलं. हे सगळं करताना माझ्या लॅपटॉपवर मुकाट्याने काय काय चालू होतं? ब्राउझरचा इतिहास एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठत होता. रिचर्ड हिप आणि त्यांचे अगदी मोजके सहकारी २००० सालापासून ते सांभाळतायत, आणि आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्येही तेच आहे. जगात कुठे किती वाजलेत याचा हिशोब टाइमझोन डेटाबेसमधून येतो. एखादा देश घड्याळ पुढेमागे करायचं ठरवतो तेव्हा ती नोंद करणारे लोक आहेत, आणि त्यातले बरेचसे ते हौसेने करतात. २०११ मध्ये एका ज्योतिष-सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने त्यावर कॉपीराइटचा दावा लावला आणि तो डेटाबेस चक्क काही दिवस नेटवरून काढून टाकावा लागला. मग इंटरनेटवरची नावं-पत्ते सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने तो आपल्याकडे घेतला आणि पुढच्या वर्षी दावा मागे घेतला गेला. रोज बातम्या वाचणाऱ्या मला हे माहीतच नव्हतं.

खरं तर हा धागा काढावासा वाटला तो एक्सझेडच्या प्रकरणामुळे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता आपल्या मशीनवर वेग मोजत होता. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने, लॉगिन करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय असं त्याला दिसलं. आधी ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७. अर्धा सेकंद! आपण त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. तो मात्र खोदत गेला आणि फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या लायब्ररीपर्यंत (म्हणजे इतर प्रोग्राम आत वापरतात त्या तयार कोडपर्यंत) पोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवून ठेवला होता. मोठ्या लिनक्स वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये तो शिरलाही होता. आणखी थोडे महिने गेले असते तर जगभरच्या सर्व्हरवर पसरला असता.

चोरदरवाजा बसवणारा ‘जिआ टॅन’ या नावाने वावरत होता. दोन-अडीच वर्षं त्याने इमानेइतबारे मदत करून विश्वास कमावला. मूळ सांभाळणारे लासे कॉलिन जवळजवळ एकटेच होते. हे बिनपगारी छंदाचं काम आहे आणि आपली मानसिक प्रकृती बरी नसते, हे त्यांनी २०२२ मध्येच उघडपणे लिहिलं होतं. त्यावर त्यांना काय मिळालं? ‘काम इतकं हळू का चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या’ असा तगादा. तगादा लावणारी ती नावंही बहुधा बनावटच होती.

त्या दोन वर्षांत या कॉलिनबद्दल कुणी एक परिच्छेद लिहिला असता तर? माझा प्रश्न एवढाच आहे. नव्याची बातमी व्हावीच, पण चालू आहे ते चालू ठेवणाऱ्यांची बातमी फक्त ते मोडल्यावरच का होते?

शून्यप्रहर

कंदील, अगदी मनातलं लिहिलंत. मी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे मोडल्यावर काय होतं ते जवळून पाहिलंय.

९ डिसेंबर २०२१, गुरुवार. संध्याकाळपर्यंत आमच्या कचेरीत ‘लॉगफोरजे’ हे नाव मोजून चौघांना माहीत असेल. शुक्रवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे लोक मला विचारत होते, ‘हे आपल्याकडे कुठे कुठे आहे?’ आणि खरं उत्तर होतं की सांगता येत नाही. आपण घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या आत दुसरं, त्याच्या आत तिसरं, आणि कुठेतरी पाचव्या थरात प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारी ही लायब्ररी. नोंदीत एक विशिष्ट मजकूर आला की ती बाहेरून कोड ओढून चालवायची. लॉगिनच्या चौकटीत, चॅटमध्ये, कुठेही तो मजकूर टाकला की झालं. धोक्याचा गुण १० पैकी १०.

आम्ही २.१५ ही दुरुस्त आवृत्ती लावली. दोन दिवस जातात न जातात तोच कळलं की ती अपुरी आहे, २.१६ लावा. मग २.१७. मग २.१७.१. तिसऱ्या वेळी माझ्या सहकाऱ्याने फक्त मान हलवली आणि यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून उघडली. तो महिना मी विसरणार नाही.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या दिवसांत एवढ्या मोठ्या कंपन्या खोळंबून बसल्या होत्या ते मूठभर स्वयंसेवकांसाठी. आपापली नोकरी सांभाळून ते रात्री बसून दुरुस्त्या काढत होते आणि वर शिव्याही खात होते. आमच्या कंपनीने त्याआधी त्या प्रकल्पाला एक पैसा किंवा एक तास दिला नव्हता. नंतरही दिला नाही. मी दोनदा विषय काढला. ‘पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बघू’ हे उत्तर दोन्ही वेळा मिळालं.

पायवाट

+१. गूगल रीडर आठवलं. मार्च २०१३ मध्ये घोषणा झाली आणि १ जुलैला बंद. बातम्या वाचायचं माझं सगळं वळणच त्यावर बसलं होतं. त्यानंतर कुठलंही ॲप घेताना मी आधी ‘माझा डेटा बाहेर कसा काढायचा’ हे पान शोधतो. ते नसेल तर घेत नाही.

बोरू

तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या डेस्कवर मी बरीच वर्षं काढली, आता त्या कामात नाही. आतली बाजू मांडतो. समर्थन म्हणून नाही, पण दोष नेमका कुठे आहे ते कळावं म्हणून.

गुंतवणुकीची बातमी तयार होऊनच दारात येते. आकडा, संस्थापकांचा हसरा फोटो, गुंतवणूकदाराची दोन वाक्यं, संस्थापकाची दोन वाक्यं. दोन दिवस आधी ईमेलने येते आणि सोबत एम्बार्गो असतो, म्हणजे अमुक वाजेपर्यंत छापायची नाही. ती वेळ झाली की सगळीकडे एकदम झळकते. दिवसाला पाच-सहा बातम्या द्यायच्या असतील तर ही बातमी वीस मिनिटांत होते. एखाद्या लायब्ररीचा एकटा सांभाळकर्ता थकलाय, ही बातमी शोधायला दोन आठवडे लागतात. तिला ‘आज’ नसतो. संपादक विचारतो, ‘आजच का?’ आणि वार्ताहराकडे उत्तर नसतं.

दुसरी गोष्ट आकड्याची. ‘कंपनीचं मूल्य १ अब्ज डॉलर’ असं आम्ही किती सहज लिहायचो. त्याचा अर्थ एवढाच असतो की शेवटच्या फेरीत गुंतवणूकदाराने ज्या भावाने थोडे शेअर घेतले, त्या भावाने सगळ्या शेअरांना गुणलं. कंपनीच्या खात्यात १ अब्ज नसतात आणि उद्या कुणी तेवढ्याला घेईल असंही नाही. त्या थोड्या शेअरांना बऱ्याचदा जादा हक्कही असतात, जे बाकीच्यांना नसतात. हे मला माहीत होतं, आमच्या संपादकांना माहीत होतं, तरी मथळ्यात आकडाच जायचा. थेरानोस या रक्ततपासणीच्या कंपनीचं मूल्य २०१४ मध्ये ९ अब्ज डॉलर छापलं जात होतं आणि जो तो तोच आकडा पुढे नेत होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलच्या जॉन कॅरीरूने ‘पण त्यांचं यंत्र चालतं का?’ हा साधा प्रश्न धरून ठेवला आणि सगळं बाहेर आलं. प्रश्न तंत्रज्ञानाचाच होता. तो विचारायला आकड्यापासून नजर काढावी लागली.

आणि बातमीने काय होऊ शकतं, त्याचंही एक उदाहरण देतो, कारण मला ते फार जवळचं आहे. व्हर्नर कॉख हा जर्मन प्रोग्रामर १९९७ पासून ईमेल गुप्त ठेवणारं जीएनयूपीजी जवळजवळ एकहाती सांभाळत होता. जगभरचे पत्रकार आपल्या स्रोतांशी त्याच्या भरवशावर बोलत होते. २०१३ मध्ये त्याने हे सोडून द्यायचा विचार केला होता, इतकी ओढाताण होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये ज्युलिया अँग्विनने प्रोपब्लिका या बातम्यांच्या साइटवर त्याच्याबद्दल लेख लिहिला. त्यानंतर लोकांच्या देणग्या धडाधड आल्या, फेसबुक आणि स्ट्राइप यांनी वर्षाला प्रत्येकी ५० हजार डॉलर देऊ केले, लिनक्स फाउंडेशनने आदल्याच आठवड्यात मंजूर केलेले ६० हजारही तेव्हाच जाहीर झाले. तेव्हा काहीही मोडलेलं नव्हतं. लेख मोडण्याआधी आला, म्हणून उपयोग झाला.

म्हणजे कंदील, तुमच्या ‘एक परिच्छेद लिहिला असता तर’ला उत्तर आहे. एकदा तरी तसं झालेलं आहे.

रानवाट

मी थोडं विरुद्ध लिहिते, राग मानू नका.

या चर्चेत स्टार्टअप म्हणजे नुसता दिखावा असा सूर लागतोय, तो मला पटत नाही. मी अशा एका कंपनीत साडेतीन वर्षं काम केलं. आमच्या गुंतवणुकीची बातमी आली त्या आठवड्यात नोकरीसाठी जितके अर्ज आले तितके आधीच्या वर्षभरात आले नव्हते. ज्या ग्राहकांना ‘तुम्ही वर्षभर तरी टिकाल का?’ अशी शंका होती त्यांनी करार केले. छोट्या कंपनीला ओळख नसते, त्या बातमीने ओळख मिळते. तेव्हा ती बातमी निरर्थक नाही.

आता दुसरा भाग. कंपनी बंद झाली. शेवटच्या दिवसांत आम्ही तिघं उरलो होतो आणि आमचं काम होतं ग्राहकांना त्यांचा डेटा परत देणं. कुणी मागितलं नव्हतं, करारातही नव्हतं. पण लोकांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी आमच्याकडे ठेवल्या होत्या. सर्व्हरचे पैसे महिनाअखेरपर्यंतच भरलेले. एकेका ग्राहकाला फोन करून आम्ही फाइली उतरवून घ्यायला लावल्या. एक वयस्कर डॉक्टर होते, त्यांना झिप फाइल उघडता येईना. माझा सहकारी स्क्रीन बघत त्यांना तासभर ‘आता उजवं बटण दाबा, आता दुसरी ओळ’ असं सांगत राहिला. शेवटची फाइल उघडली तेव्हा ते म्हणाले, ‘२०११ पासूनचं सगळं आहे बरं का.’

आमची पहिली बातमी खूप ठिकाणी आली होती. या शेवटच्या तीन आठवड्यांबद्दल मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय. म्हणजे मी कंदीलच्या विरुद्ध लिहायला बसले आणि तिच्याच मुद्द्यावर पोचले बहुतेक. पण माझं म्हणणं कायम आहे. पहिली बातमी कमी करू नका, शेवटचीही द्या. कंपनी कशी बंद केली, लोकांचा डेटा परत केला की नाही, पगार पूर्ण दिले की नाही, यावरून त्या संस्थापकांची खरी पारख होते. पुढच्या वेळी त्यांच्याकडे नोकरी मागणाऱ्याला तीच माहिती हवी असते.

तिठा

रानवाट यांचा प्रतिसाद आवडला.

मी मथळ्यांबद्दल लिहितो. १९ जुलै २०२४ ला विमानतळांपासून इस्पितळांपर्यंत विंडोज बंद पडल्याचे निळे पडदे दिसले, तेव्हा सकाळी मी वाचलेल्या बहुतेक मथळ्यांत मायक्रोसॉफ्टचं नाव होतं. चूक होती क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कंपनीने पाठवलेल्या एका फाइलीत. जागतिक वेळेनुसार ४ वाजून ९ मिनिटांनी ती सुटली आणि ५:२७ ला मागे घेतली. ७८ मिनिटं. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख मशीन कोलमडल्या. मागे घेऊन उपयोग नव्हता, कारण पडलेली मशीन सुरूच होत नव्हती. प्रत्येकीपुढे माणूस जाऊन उभा राहिला, सेफ मोडमध्ये चालू केली, ती फाइल काढली. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टाका, मग पुढचं.

‘सेवा पूर्ववत’ असं दोन दिवसांनी छापून आलं. पूर्ववत कुणी केली? चावीचे आकडे कागदावर घेऊन मजल्यामजल्यावर फिरणाऱ्यांनी. शून्यप्रहर, तुम्ही त्यात असाल तर तुम्हाला सलाम.

शून्यप्रहर

होतो. आमच्याकडे किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या तोच पडला होता. त्याची किल्ली एका सहकाऱ्याने शिस्तीने छापून तिजोरीत ठेवली होती म्हणून निभावलं. त्याला शाबासकीचं पत्र मिळावं म्हणून मी लिहून दिलं. ते मात्र मिळालं.

सुईदोरा

इथे पहिल्यांदाच लिहितेय. सगळे प्रतिसाद वाचले आणि राहवलं नाही.

मी एक छोटी लायब्ररी सांभाळते. तारखा वाचते ती, बस. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेली तारीख ओळखायची. नऊ वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या कामासाठी लिहिली होती आणि सहज सगळ्यांसाठी खुली केली. आता ती कुणाकुणाच्या आत आहे ते मला माहीत नाही. कळतं ते तक्रार आली की.

रात्री मुलगा झोपला की मी तासभर बसते. परवा उघडलं तर एक निरोप होता: ‘ही त्रुटी तीन आठवडे पडून आहे. आमचं रिलीज अडलंय. कधी दुरुस्त होणार?’ पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एका मोठ्या कंपनीचं नाव. नमस्कार नाही, काही नाही. मी अर्धा तास नुसती त्या ओळीकडे बघत बसले आणि त्या रात्री काहीच काम झालं नाही. माणूस वाईट नसेल, त्याच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेलं असेल, पण त्याला वाटत होतं की इकडे एखादं खातं आहे, कर्मचारी आहेत. इकडे मी आहे.

आणि गेल्या एक-दोन वर्षांत एक नवंच सुरू झालंय. एआयकडून लिहून घेतलेले त्रुटींचे अहवाल. भाषा चकचकीत, मुद्दे क्रमवार, आणि आत सांगितलेलं फंक्शन माझ्या लायब्ररीत अस्तित्वातच नाही! पण ते नाही हे ठरवायला मला सगळं वाचावंच लागतं. लिहिणाऱ्याचा एक मिनिट जातो, माझा एक तास. कर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांनी याबद्दल सतत लिहिलं आणि शेवटी त्यांच्या प्रकल्पाने त्रुटी शोधण्याबद्दलचं बक्षीसच बंद केलं. ते १९९० च्या दशकापासून या कामात आहेत. त्यांची ही गत, तर माझं काय.

बातम्यांत मात्र मी वाचते की एआयमुळे प्रोग्रामरचं काम किती पटींनी वाढलं. ते खोटं नसेलही. पण वाढलेलं ते सगळं तपासायचं कुणी, हे त्या बातमीत विचारलेलं मी क्वचितच पाहिलं.

वेबवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये २०१४ ला हार्टब्लीड ही मोठी त्रुटी निघाली तेव्हा कळलं होतं की निम्म्याहून जास्त वेब ज्याच्या भरवशावर, त्या प्रकल्पाला वर्षाला २ हजार डॉलरच्या आसपास देणग्या येत होत्या. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला, तो मोठ्या प्रकल्पांना मिळाला आणि ते योग्यच झालं. माझ्यासारख्या लहान लायब्ररीपर्यंत तो येत नाही. खरं सांगायचं तर पैसे आले तरी माझा तास वाढणार नाही. मला बातमीही नकोय. माझ्याऐवजी कुणीतरी दोन गोष्टी केल्या तर बरं होईल: आलेल्या तक्रारी खऱ्या आहेत का हे करून बघणं आणि वापरायची माहिती नीट लिहिणं. दोन्हीला फार प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

बोरू

सुईदोरा, तुम्ही लिहिलंत ते वाचून मला माझ्या डेस्कवरच्या त्या ‘आजच का?’ची आठवण झाली. कुणी विचारलं असतं तर मी आज म्हणालो असतो, ‘कारण परवा रात्री तिचं काम झालं नाही.’

एक करू शकतो. माझे काही जुने सहकारी अजून बातम्यांत आहेत. नाव न घेता, तुमची हरकत नसेल तर, एआय अहवालांचा विषय त्यांच्यापुढे ठेवतो. तुमच्यासारख्या चार-पाच जणांशी बोलून लेख होईल. हरकत असेल तर विषय इथेच सोडतो.

सुईदोरा

हरकत नाही. लायब्ररीचं नाव मात्र नको. नाव आलं की आठवडाभर निरोपांचा पूर येतो आणि मग पुन्हा तेच.

रानवाट

सुईदोरा, मी साडेतीन वर्षं लोकांना सॉफ्टवेअर कसं वापरायचं हेच लिहून देत होते. माहिती लिहायचं काम मी घेऊ शकते. आठवड्याला दोन तास नक्की, जास्त कबूल करत नाही. खासगी निरोपातून दुवा पाठवाल?

कंदील

मला लिहायला तितकं जमणार नाही, पण तक्रारी करून बघायला जमेल. मलाही पाठवा. ती तीन आठवडे पडलेली त्रुटी नेमकी काय आहे?

सुईदोरा

दोघींना निरोप पाठवलाय, आणि मनापासून आभार.

त्रुटी अशी आहे: वर्ष दोनच आकडी लिहिलेलं असेल आणि महिना शब्दांत असेल तर ६९ पासूनची वर्षं मागच्या शतकात जायला हवीत, ती कधी मागच्या शतकात जातात, कधी या शतकात. तक्रारदाराने एकच नमुना दिलाय. तुमच्या मशीनवर ‘५ मार्च ६८’ आणि ‘५ मार्च ७०’ असं दोन्ही देऊन बघाल का? आणि मशीनची भाषा कुठली ठेवलीय तेही लिहा, मला संशय तिथेच आहे.

कंदील

करून पाहिलं. भाषा इंग्रजी ठेवली तर पहिली २०६८ आणि दुसरी १९७०, म्हणजे ठरल्याप्रमाणे. भाषा मराठी केली की दोन्ही या शतकात, २०६८ आणि २०७०. तुमचा संशय बरोबर दिसतोय. पडद्याचं चित्र आणि आवृत्ती क्रमांक तक्रारीखाली जोडलाय. आणि त्या गृहस्थांनाही तिथेच लिहिलंय की त्यांनी आपली भाषा कुठली ठेवलीय ते कळवावं.